बेटावर फिरायचं, झोपायला मात्र जहाजावर! लक्षद्वीपच्या या सहलीमागचं गणित बीडच्या माणसाला लगेच कळेल

गेवराई तालुक्यातलं तलवाडा. त्वरिता देवीचं गाव. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साधारण तीनशे किलोमीटर लांब. होडी बघायची म्हटली तर गोदाकाठी राक्षसभुवनला नाहीतर पांचाळेश्वरला जायचं, आणि तेही नदीला पाणी असेल तर. डिसेंबर म्हणजे या भागात ऊसतोडीचा हंगाम. दिवाळी झाली की कोयते बांधून कितीतरी घरं कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. गावात उरलेल्या नोकरदार, दुकानदार घरांमध्ये नाताळच्या आठवड्यात एकच विषय असतो, यंदा चार दिवस कुठं जायचं?

गेल्या काही वर्षांत या चर्चेत एक नवं नाव घुसलंय. लक्षद्वीप.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी तिथं गेले, पांढऱ्या वाळूवर खुर्ची टाकून बसल्याचे आणि स्नॉर्कलिंग करतानाचे फोटो टाकले. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी वाकडंतिकडं लिहिलं, तिथल्या सरकारनं त्यांना निलंबित केलं, आणि दोन दिवसांत अख्ख्या भारताला लक्षद्वीपला जायचं होतं. निळंशार पाणी, त्यात उभी होडी आणि मागे वाजणारं गाणं, अशा रील तुम्हीही पाहिल्या असतीलच.

पण जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट रीलमध्ये दिसत नाही. लक्षद्वीप प्रशासनाची सगळ्यात प्रसिद्ध सहल आहे ‘समुद्रम’. पाच दिवसांची. कोचीहून जहाज सुटतं आणि कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी तीन बेटं दाखवतं. दिवसा बेटावर न्यायचं, जेवण तिथंच द्यायचं, संध्याकाळी परत जहाजावर आणायचं. रात्र जहाजावर. तीनही बेटं झाली, तरी एकाही बेटावर मुक्काम नाही.

म्हणजे हिवाळ्याच्या सुट्टीत चार रात्री बोटीवर राहायचं. ऐकायला भारी वाटतं. श्रीमंती थाट वाटतो. पण या व्यवस्थेमागं थाटापेक्षा अडचण जास्त आहे, आणि ती अडचण मराठवाड्याला चांगलीच ओळखीची आहे. पाणी.

बेटं आहेत तरी केवढी?

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं आहेत, लोक राहतात फक्त १० बेटांवर. सगळ्या बेटांची जमीन मिळून भरते साधारण ३२ चौरस किलोमीटर. एकट्या बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ आहे १० हजार ६९३ चौरस किलोमीटर. भागाकार करून बघा, बीड जिल्ह्यात सव्वातीनशेहून जास्त लक्षद्वीपं मावतात. राजधानी असलेलं कवरत्ती हे बेट चार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलवर गेलं तरी घाम येणार नाही.

एवढ्याशा जागेत २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांवर माणसं राहतात. बीडमध्ये एका चौरस किलोमीटरला सरासरी २४२ माणसं, तिथं दोन हजारांच्या वर. फोटोत दिसणारं ‘निर्मनुष्य बेट’ हे बहुतेक वेळा कॅमेरा कुठल्या बाजूला धरला त्यावर असतं. वळून पाहिलं तर मागे घरं, शाळा, मशीद, नारळाच्या बागा आणि सायकलींची वर्दळ.

ही बेटं तयार झाली ती पोवळ्यांपासून, म्हणजे प्रवाळापासून. हजारो वर्षं प्रवाळाचे सांगाडे एकावर एक साचले, लाटांनी त्यांचा चुरा करून वाळू केली आणि ती वाळू एका बाजूला ढीग होऊन वर आली. बेटाच्या एका अंगाला प्रवाळाचा कडा असतो आणि कड्याच्या आत उथळ, शांत, निळं पाणी. याला लगून म्हणतात. रीलमधला तो निळा रंग या लगूनचा. बाहेर मात्र समुद्र एकदम खोल होतो आणि रंग काळपट निळा.

जमीन समुद्राच्या पाण्यापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही, तळं नाही. मग प्यायचं पाणी येतं कुठून?

वाळूखाली तरंगणारं गोडं पाणी

गंमत बघा. लक्षद्वीपला वर्षाला साधारण १६०० मिलिमीटर पाऊस पडतो. बीडच्या सरासरीच्या दुपटीपेक्षा जास्त. तरीही तिथं पाण्याची ओढ असते, आणि त्याचं कारण जमिनीखाली आहे.

पाऊस पडला की वाळूतून पाणी खाली मुरतं. खाली समुद्राचं खारं पाणी असतं, कारण बेट सच्छिद्र आहे आणि चारी बाजूंनी समुद्र आत झिरपलेला आहे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं. त्यामुळं ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बेटाच्या मधोमध जाड, कडेला पातळ, असा भिंगासारखा थर तयार होतो. हे गणित एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गायबेन नावाच्या डच अभियंत्यानं आणि पुढं १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यानं मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असायला हवं. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात या बेटांवर पातळी समुद्राच्या वर फारशी नसतेच, शिवाय भरती-ओहोटी रोज दोन वेळा सगळं ढवळत असते. म्हणून थर बराच पातळ राहतो.

तिथल्या विहिरी उथळ आहेत. चार-दोन मीटरवर पाणी लागतं. आणि भरती आली की विहिरीतलं पाणीही वर चढतं, ओहोटीला खाली उतरतं! विहीर घराच्या परसात, पण तिचा श्वास समुद्राच्या तालावर.

आता खरी गोम. आपल्याकडं काळ्या पाषाणात बोअर मारतात. दोनशे फुटांवर नाही लागलं तर चारशे, चारशेवर नाही तर सहाशे. आणि एक दिवस बोअर फुफाटा टाकतं. आटलं, विषय संपला. पुढच्या चांगल्या पावसाळ्यात कदाचित पुन्हा पाणी येतं. बेटावर असं होत नाही. तिथं मोटार लावून जोरात पाणी खेचलं, की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर उचललं जातं आणि विहीर मचूळ होते. बीडची बोअर कोरडी पडते, बेटावरची विहीर खारट होते. आणि एकदा खारट झाली, की ती धुऊन निघायला बराच काळ आणि बरेच पावसाळे लागतात.

दुसरी भानगड सांडपाण्याची. जमीन वाळूची, पाणी दोन-तीन मीटरवर, घरं दाटीवाटीची. संडासाच्या टाकीतलं पाणी आणि विहिरीचं पाणी यांच्यात अंतर ते किती राहणार? तिथल्या विहिरींच्या पाण्यात जंतू सापडल्याचं तपासण्यांमध्ये अनेकदा पुढं आलंय. म्हणजे बेटावर झोपणारा प्रत्येक पाहुणा दोन वेळा हिशेबात धरावा लागतो. एकदा पाणी वापरताना, एकदा ते सोडताना.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रत्येक बेट किती भार झेलू शकतं, हे पाहून त्या बेटाचा स्वतंत्र आराखडा करायचा, हे तत्त्व त्या समितीमुळं आलं. रात्रीच्या मुक्कामाला जहाज, ही पद्धत मात्र त्याच्याही आधीपासूनची. जहाज येताना आपलं पाणी टाकीत घेऊन येतं, स्वयंपाकघर घेऊन येतं, दीडशे जणांच्या गाद्या घेऊन येतं. संध्याकाळी सगळं बाडबिस्तर घेऊन निघून जातं. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी आपला टँकर सोबत आणावा, तसा हा प्रकार.

अर्थात जहाजावर झोपलं म्हणजे पाप धुतलं, असंही नाही. जहाज डिझेल जाळतं. त्याचं मैलापाणी कुठंतरी जातंच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रक्रिया न केलेलं मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. बेटाच्या विहिरीवर ताण येत नाही, एवढा मात्र फरक नक्की पडतो.

दहा लिटर आणि एक शॉवर

बेटांवर समुद्राचं पाणी गोडं करायचे प्रकल्पही आहेत, आणि त्यातलं तंत्र खरंच ऐकण्यासारखं आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेनं २००५ मध्ये कवरत्तीला पहिला प्रकल्प उभारला.

समुद्राचं वरचं पाणी असतं २८ अंशांच्या आसपास कोमट. साडेतीनशे-चारशे मीटर खोलीवरचं पाणी असतं बारा-तेरा अंश, फ्रीजमधून काढल्यासारखं. बेटाला लागूनच समुद्र एकदम खोल होत असल्यानं पाईप लांबवर न नेता हे गार पाणी वर ओढता येतं. मग एका मोठ्या टाकीतली हवा काढून घेतात. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाही वाफ होतं. डोंगरावर पाणी लवकर उकळतं ना, त्याचंच टोक. कोमट पाण्याची वाफ झाली, मीठ मागे राहिलं. ती वाफ गार पाण्याच्या नळ्यांवर नेली की थेंब थेंब गोडं पाणी. ना चूल, ना रसायन.

कवरत्तीच्या या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १ लाख लिटर. आकडा मोठा वाटतो? २०११ मध्ये कवरत्तीची लोकसंख्या ११ हजारांवर होती. भागलं तर माणशी नऊ लिटर. प्यायला आणि स्वयंपाकाला एवढं. बाकी अंघोळ-धुणं विहिरीच्या पाण्यावर.

आता हॉटेलच्या बाथरूममधला शॉवर घ्या. मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज सोडतो. पाच मिनिटं उभं राहिलात तर चाळीस-पन्नास लिटर. म्हणजे एका पाहुण्याच्या एका अंघोळीत कवरत्तीच्या पाच जणांचं दिवसभराचं प्यायचं पाणी. ज्यांच्या घरी एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बेटाला रेल्वेही नाही.

पुढं मिनिकॉय, अगत्ती अशा इतर बेटांवरही असे प्रकल्प झाले. जानेवारी २०२४ च्या त्याच गाजलेल्या दौऱ्यात कदमतच्या दीड लाख लिटर क्षमतेच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. फोटो मात्र स्नॉर्कलिंगचे व्हायरल झाले, पाण्याच्या टाकीचे कोण बघतो? पण हे पंप चालायला वीज लागते आणि बेटांवरची वीज मोठ्या प्रमाणात डिझेल जनरेटरवर अवलंबून राहिली आहे. डिझेल येतं जहाजानं. म्हणजे पाण्यासाठी डिझेल, डिझेलसाठी जहाज.

इथं कुणी म्हणेल, मग आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याचं काय? तोही समुद्रातच, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. फरक असा की कुरटे बेट खडकाचं आहे. घट्ट खडकात पावसाचं पाणी अडून राहतं आणि समुद्र सहज आत शिरत नाही. लक्षद्वीपची वाळू चाळणीसारखी आहे.

जहाजावरचे चार दिवस कसे असतात?

सहल सुरू होते कोचीच्या विलिंग्डन बेटावरून. हे बेटही एक किस्साच आहे. कोची बंदर खोल करताना जो गाळ उपसला, तो टाकून इंग्रजांच्या काळात रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्यानं हे बेट चक्क तयार केलं. म्हणजे माणसानं बनवलेल्या बेटावरून निघून प्रवाळानं बनवलेल्या बेटांकडं जायचं.

कोचीपासून लक्षद्वीपची बेटं २२० ते ४४० किलोमीटरवर. बेटानुसार जहाजाला १४ ते १८ तास लागतात. त्यामुळं पहिली रात्र नुसत्या समुद्रात. संध्याकाळी किनारा दिसेनासा झाला की मोबाईलची रेंजही जाते, आणि मग डेकवर माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. काहींना याच वेळी जहाज लागतं. ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे सातशे प्रवाशांचं मोठं जहाज आहे, लहान बोटीएवढं हलत नाही; तरी बसची खिडकी धरून बसणाऱ्यांनी उलटीची गोळी सुटायच्या आधी घ्यावी. जहाजाच्या मधल्या भागात थांबायचं, क्षितिजाकडं बघायचं आणि मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही, एवढं पाळलं तरी बराच फरक पडतो.

सकाळी जाग येते तेव्हा जहाज थांबलेलं असतं, पण बेटाला लागलेलं नसतं. मोठं जहाज उथळ लगूनमध्ये शिरलं तर प्रवाळावर घासेल, म्हणून ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. काही बेटांवर पूर्वेच्या बाजूला धक्के झालेत, पण अनेकदा जहाजाच्या पोटातलं दार उघडतं आणि खाली लहान होडी हेलकावत असते. होडी लाटेवर वर आली की खलाशी हात धरतात आणि म्हणतात, या. त्या क्षणी पाय टाकायचा. आजीला न्यायचं असेल तर हा भाग आधी सांगून ठेवलेला बरा. खलाशी मात्र यात तरबेज असतात, तान्ही बाळं आणि आजारी म्हातारी माणसं ते रोज अशीच उतरवतात.

कवरत्तीला काचेच्या तळाची होडी, स्नॉर्कलिंग आणि लाकडी कोरीव छतासाठी प्रसिद्ध असलेली उजरा मशीद. कल्पेनीला किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा लांबच लांब बांध दिसतो. तो कुणी बांधलेला नाही. १८४७ च्या भयंकर वादळात समुद्रानं ते दगड उचलून बेटावर फेकले. त्या बांधावर उभं राहिलं की ‘काही मीटर उंच जमीन’ म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

मिनिकॉय मात्र सगळ्यात वेगळं. ते बाकीच्या बेटांपासून दूर दक्षिणेला, मध्ये नाइन डिग्री चॅनेल नावाचा रुंद आणि खोल समुद्र. इतर बेटांवर मल्याळमची एक बोली चालते, मिनिकॉयवर महल, जी मालदीवच्या दिवेहीची सख्खी बहीण. १८८५ चं दीपगृह आहे, वर चढून बघितलं की एका बाजूला लगूनचा पोपटी-निळा आणि दुसऱ्या बाजूला समुद्राचा काळा-निळा. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून जातात, घर आणि गाव बायका सांभाळतात. मासेमारी गळानं. एक काठी, एक गळ, एका वेळी एक टूना. जाळं टाकून सगळा समुद्र खरवडायचा नाही. आमिषाला लागणारे बारीक मासे येतात लगूनमधून. लगून बिघडली तर टूनाचा धंदा बसला, इतका तो सरळ संबंध आहे.

आणि लगून बिघडतेय. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्र तापल्यानं इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. प्रवाळ मेलं की कडा झिजतो, कडा झिजला की लाटा थेट वाळूवर. बंगारमजवळचं पराली-१ नावाचं छोटं निर्मनुष्य बेट झिजत झिजत पाण्याखाली गेल्याचं संशोधनातून समोर आलं आहे.

दुपारी चारनंतर होड्यांची आवराआवर सुरू होते. सगळे जहाजावर. रात्रीचं जेवण, डेकवर गार वारा, आणि लांबवर बेटाच्या दिव्यांची एक बारीक रेघ.

पण जहाज कुणाचं?

हा प्रश्न प्रवासाच्या जाहिरातीत कुठंच येत नाही. ही जहाजं पर्यटकांची क्रूझ नव्हेत. बेटावरच्या लोकांची ती एसटी आहे, मालट्रक आहे आणि रुग्णवाहिकाही आहे. कोचीला मोठ्या दवाखान्यात जायचं, परीक्षेला जायचं, लग्नाचा बस्ता आणायचा, भाजीपाला-तांदूळ न्यायचा, सगळं याच जहाजांतून.

२०२१ च्या अखेरीस ‘एम. व्ही. कवरत्ती’च्या इंजिन रूममध्ये आग लागली. सहाशेवर प्रवासी समुद्रात अडकले, तटरक्षक दल मदतीला धावलं, सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. पण मोठं जहाज दुरुस्तीला गेलं, इतरही जहाजं दुरुस्तीत अडकली आणि २०२२-२३ च्या काळात सातपैकी मोजकीच जहाजं धावत होती. तिकिटासाठी लोकांचे हाल झाले, बेटांवर आंदोलनं झाली. दिवाळीत पुण्याहून गेवराईला जायला एसटी न मिळणं वेगळं. पर्यायी काळीपिवळी तरी असते. समुद्रात काळीपिवळी कुठली आणणार?

म्हणून जहाजावरची पर्यटकांची जागा आणि गावकऱ्यांची जागा यांचा तोल कसा राखला जातो, यावर ही सहल लोकांना पाहुणचार वाटते की अतिक्रमण, हे ठरतं. २०२१ पासून मुंबईहून लक्षद्वीपकडं खासगी क्रूझही निघायला लागल्या. त्यांच्यामुळं गावकऱ्यांच्या जागा जात नाहीत, ही जमेची बाजू. पण जहाज अजून मोठं, बेटावर मिळणारा वेळ थोडा, आणि समुद्र खवळलेला असला तर उतरणंच रद्द.

तिकडं जमिनीवरचं चित्रही बदलतंय. जानेवारी २०२३ मध्ये टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीनं सुहेली आणि कदमत या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची दोन रिसॉर्ट जाहीर केली. त्यातल्या काही खोल्या पाण्यावर खांब रोवून बांधायच्या. रोजगार येईल, असं एका बाजूचं म्हणणं. लगूनमध्ये बांधकाम म्हणजे प्रवाळावर घाव, हा संशोधकांचा आणि अनेक बेटवासीयांचा आक्षेप. रोजगाराचा मुद्दा खोटा नाही, तरुणांना टूना आणि नारळाशिवाय काहीतरी हवंच आहे. पण ११० खोल्या म्हणजे ११० शॉवर. माणशी नऊ लिटरचा हिशेब आठवला, की त्या खोल्यांचं पाणी येणार कुठून आणि जाणार कुठं, हे उद्घाटनाच्या आधी विचारायला हवं.

जायचंच असेल तर

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, भारतीयांनाही. तिथली बहुसंख्य प्रजा अनुसूचित जमातीत मोडते आणि प्रवेश-वास्तव्याचे नियम १९६७ पासून आहेत. प्रशासनाच्या पॅकेजमध्ये बुकिंगसोबत परवान्याची प्रक्रिया होते. ओळखपत्र, फोटो लागतात, पोलिसांचा दाखलाही मागितला जात आलाय, म्हणून पोलीस ठाण्यातलं काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नियम, दर, जहाज आणि तारखा बदलत असतात. प्रशासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघूनच पैसे भरा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘स्वस्तात लक्षद्वीप’ जाहिरातीवर नाही.

हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि मेच्या मध्यापर्यंत चालतो. डिसेंबर ते मार्च समुद्र शांत, म्हणून गर्दीही तेव्हाच. नाताळच्या आठवड्यासाठी दिवाळीत विचार सुरू केला तर उशीर झालेला असतो.

तलवाड्याहून निघायचं तर गेवराई, तिथून पुणे किंवा मुंबई, आणि पुढं एर्नाकुलमची रेल्वे. मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेस कोकणातून जाते, एक रात्र नि एक दिवस धरून चाला. म्हणजे पाच दिवसांच्या सहलीला घरून निघून घरी येईपर्यंत नऊ-दहा दिवस. कोचीत जहाज सुटायच्या एक दिवस आधी पोचा. रेल्वे उशिरा आली तर जहाज थांबत नाही, आणि पुढचं जहाज लगेच असेलच असं नाही.

बंगारम वगळता दारूबंदी आहे. किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि परत येताना सामान तपासलं जाऊ शकतं. गावातून फिरताना पोहण्याचे कपडे नकोत. रेंजची काळजी करणाऱ्यांसाठी खबर, जानेवारी २०२४ पासून कोचीहून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली आहे, त्यामुळं बेटावर नेट बरं चालतं. रील तिथूनच टाकता येईल. जहाज बेटापासून सुटलं की मात्र पुन्हा रेंज गेली.

आणि जहाजावरच्या अंघोळीचं म्हणाल, तर ते पाणीही टाकीतलंच. कोचीत भरलेलं, पाच दिवस पुरवायचं. एका बादलीत अंघोळ उरकायची सवय असलेल्यांना काहीच अडचण येणार नाही.